सातपट की वीसपट?

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. त्सुचिनशान-ॲटलास नावाचा धूमकेतू त्या महिन्याच्या मध्यावर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. आमची शाळा मंगरुळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. गावाच्या पश्चिमेला नुसती शेते. सोयाबीनची काढणी चाललेली, मळणीयंत्रांचा धुरळा क्षितिजावर तरंगत होता. तरीही दोन संध्याकाळी आकाश स्वच्छ मिळाले. पक्षी पाहणाऱ्या एका स्नेह्याने आपली ७×५० ची जुनी द्विनेत्री दुर्बीण आम्हाला दिली होती. चाळीस-पंचेचाळीस मुलांनी ओळीने उभे राहून तिच्यातून धूमकेतू पाहिला. नुसत्या डोळ्यांनी जो पुसट पांढरा फराटा दिसत होता, त्याचे डोके आणि वर गेलेली लांब शेपटी दुर्बिणीतून सुरेख दिसली.

दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलाने वर्गात विचारले, "सर, ह्याच्यातून शनीचं कडं दिसन काय?"

मी म्हणालो, "नाही दिसणार. ही सातपट मोठे दाखवते. त्याला निदान पंचवीस-तीसपट तरी हवे."

"मंग आपून वीसपटवाली घेऊ ना! सातपटवाली कायले घ्याची?"

माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी वर्गणी गोळा केली होती, तिच्यातून दुर्बीण घ्यायचे ठरत होते, आणि ही बातमी मुलांपर्यंत पोचलेली होती. त्यामुळे हा प्रश्न पुढे महिनाभर शाळेत गाजला. शिक्षकांच्या खोलीतही दोन तट पडले. रक्कम मोठी नव्हती, पण ती देणाऱ्यांत हमाली करणारे होते, ट्रॅक्टर चालवणारे होते. चुकीची वस्तू घेऊन ती कपाटात धूळ खात पडली असती, तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मला हा प्रश्न जिव्हारी लागण्याचे आणखी एक कारण होते. कॉलेजात असताना पहिल्या शिकवणीच्या पैशांतून मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून झूम द्विनेत्री आणली होती. दहापटीपासून तीसपटीपर्यंत, भिंगे ६० मिलिमीटरची, काचांवर माणकासारखा लाल लेप. दुकानदाराने रस्त्यापलीकडची पाटी वाचून दाखवली आणि मी खूश झालो. रात्री गच्चीवर गेलो, तीसपट केले आणि गुरूकडे रोखले. गुरू दिसला म्हणण्यापेक्षा गुरू नाचला असे म्हणणे योग्य होईल. एक पिवळा ठिपका वेड्यावाकड्या रेघा ओढत इकडून तिकडे धावत होता. कृत्तिका अंधारात बुडालेल्या दिसल्या. आकाशच खराब असेल असे समजून मी चार-पाच रात्री प्रयत्न केला, मग दुर्बीण पेटीत ठेवली. त्यानंतर आठ वर्षे मी आकाशाकडे वळलो नाही. आकाशाचा त्यात काही दोष नव्हता. दोष कशाचा होता, हे समजून घ्यायचे तर थोडे गणित करावे लागेल.

दोन आकड्यांचा अर्थ

द्विनेत्रीवर ७×५०, १०×५०, २०×८० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल त्याचा. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. बाजारात पहिल्या आकड्याचा गाजावाजा होतो. आकाश पाहणाऱ्याने आधी दुसरा वाचावा, आणि मग दुसऱ्याला पहिल्याने भागावे.

हा भागाकार महत्त्वाचा आहे. दुर्बीण हातभर लांब धरून तिचे तोंड उजेडाकडे करा आणि नेत्रिकेकडे पाहा. काचेत एक छोटी उजळ चकती दिसेल. वस्तुभिंगाने गोळा केलेला सगळा प्रकाश या चकतीतून बाहेर पडतो आणि डोळ्यात शिरतो. तिचा व्यास म्हणजेच आपला भागाकार. ७×५० मध्ये तो सात मिलिमीटरहून किंचित जास्त, १०×५० मध्ये पाच, २०×८० मध्ये चार. माझ्या त्या झूम दुर्बिणीत तीसपटीला तो अवघा दोन मिलिमीटर होता.

आता डोळ्याकडे या. अंधारात आपली बाहुली मोठी होते. तुमच्या वयाला ती सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ही क्षमता कमी होते. पन्नाशीच्या माणसाची बाहुली पुष्कळदा पाच मिलिमीटरच्या आसपासच थांबते. म्हणून ७×५० मधून येणारी सात मिलिमीटरची प्रकाशशलाका नववीतल्या मुलाच्या डोळ्यात पूर्ण शिरते, पण आमच्या मुख्याध्यापकांच्या डोळ्यात तिचा मधला पाच मिलिमीटरचाच भाग जातो. बाकीचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने निम्मा प्रकाश गेला! त्यांच्यापुरती ती दुर्बीण ७×३५ चीच झाली. एकच दुर्बीण, एकच तारा, आणि दोघांना वेगवेगळे दिसते. शिक्षकांच्या खोलीतल्या वादाचे मूळ काही अंशी इथेच होते, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

चकती फार लहान झाली तर काय होते? तेजोमेघ किंवा दीर्घिका यांसारख्या पसरट वस्तूंचा प्रकाश मोठ्या जागेवर पातळ पसरतो. तव्यावर तेवढेच पीठ घेऊन धिरडे मोठे करत गेलो की ते पातळ होत जाते, तसेच हे. दोन मिलिमीटरच्या चकतीत पसरट वस्तूची उजळी, सात मिलिमीटर उघडलेल्या नुसत्या डोळ्याच्या मानाने सुमारे बाराव्या हिश्श्यावर येते.  शिवाय त्या लाल लेपाच्या काचा बराचसा तांबडा प्रकाश परत फेकत होत्या. भिंगांवरचा चांगला लेप हिरवट किंवा जांभळट झाक देतो. आरशासारखी लाल चमकणारी दुर्बीण मात्र आकाशासाठी घेऊ नये.

वीसपटीच्या बाजूने

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की लेखक सातपटवाल्यांच्या तटातला आहे. तसे नाही. जास्त वर्धनाचे फायदे खरे आहेत, आणि ते नीट सांगितले पाहिजेत.

पहिला फायदा जरा विचित्र वाटेल असा आहे. ७×५० आणि १०×५० या दोन्हींची भिंगे सारखीच, म्हणजे गोळा होणारा प्रकाशही तेवढाच. तरीही १०×५० मधून अधिक फिकट तारे दिसतात. का? तारा इतका दूर असतो की सातपट काय आणि दहापट काय, तो बिंदूच राहतो. वर्धनाने त्याचा प्रकाश पसरत नाही. आकाशाची पार्श्वभूमी मात्र पसरट आहे. ती दहापटीत सातपटीच्या मानाने निम्मी काळोखी होते. बिंदू तेवढाच तेजस्वी आणि मागचा पडदा अधिक काळा, म्हणून बिंदू उठून दिसतो. वाशिम शहरात, जिथे रस्त्यांवर पांढरे दिवे लागतात आणि आकाश राखाडी दिसते, तिथे हा फायदा चटकन जाणवतो. तिथून ७×५० ने पाहिलेले आकाश दुधाळ वाटते आणि १०×५० ने बरेच सुधारते. आमच्या खेड्यात फरक एवढा पडत नाही, कारण पडदा मुळातच काळा आहे.

२०×८० मध्ये भिंगही मोठे असते. ८० मिलिमीटरचे भिंग ५० मिलिमीटरच्या भिंगाच्या अडीचपटीहून अधिक प्रकाश गोळा करते. ताऱ्यांच्या प्रतीत सांगायचे तर एक पूर्ण प्रत खाली उतरता येते.

दुसरा फायदा बारकाव्याचा. चांगल्या डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे अंतर कसेबसे वेगळे ओळखता येते. आरामात ओळखायला त्याच्या तीन-चार पट लागते. चंद्रावरचे कोपर्निकस हे विवर ९३ किलोमीटर रुंद आहे. पृथ्वीवरून ते सुमारे ५० विकला दिसते, म्हणजे एका कलेपेक्षाही कमी. सातपट केले की ते जवळजवळ सहा कलांचे होते आणि छान दिसते. वीसपटीला सतरा कलांच्या आसपास जाते आणि त्याच्या कडांवरची सावलीही कळते. आणि आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर उचलून चंद्रावर ठेवले तर? त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. इतक्या अंतरावरून ते जेमतेम एक विकला दिसेल. वीसपटीतही वीस विकला, म्हणजे काही नाही. लोणारएवढा खड्डा चंद्रावर नुसता ओळखायला साठपट वर्धन लागेल, तेही उत्तम दुर्बिणीतून. रिसोडहून लोणारला सहलीला गेलेल्या मुलांनी काठावर उभे राहून तो प्रचंड खड्डा पाहिला आहे. चंद्र किती दूर आहे हे त्यांना या हिशेबाने जसे पटले, तसे ३,८४,४०० किलोमीटर हा आकडा पाठ करून कधीच पटले नव्हते.

गुरूचे चार मोठे चंद्र सातपटीलाही दिसतात, पण गुरूच्या अगदी जवळ असलेला चंद्र त्याच्या झगमगाटात हरवतो. वीसपटीला चारही सुटे होतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये ते पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण वीसपटीचीच होती. तिचे दृष्टिक्षेत्र इतके चिमुकले होते की त्यात पुरा चंद्रही एका वेळी मावत नसे. तुमच्या हातात येणारी साधी २०×८० त्या मानाने राजेशाही आहे.

आणि शनी? नववीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे. कड्यांची रुंदी सुमारे ४० विकला असते. वीसपटीला ती तेरा कलांची होते. दुर्बीण पक्की बसवलेली, हवा शांत आणि कडी पुरेशी उघडलेली असतील, तर शनी गोल न दिसता दोन बाजूंना कान फुटल्यासारखा दिसतो. गॅलिलिओलाही तो असाच दिसला होता आणि तो बुचकळ्यात पडला होता. ते कडे आहे हे हायगेन्सने पुढे १६५९ मध्ये प्रसिद्ध केले. कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला कडेवरून, रेघेसारखी दिसण्याच्या स्थितीत आली होती. त्यानंतर ती पुन्हा उघडू लागली, आणि २०३२ च्या सुमारास भरपूर उघडलेली असतील. त्याआधी वीसपटीची दुर्बीण घेऊन शनीच्या कड्यांची आशा धरणाऱ्याने थोडा धीर धरावा.

मोठ्या द्विनेत्रींनी मोठी कामेही केली आहेत. इंग्लंडमधले जॉर्ज अल्कॉक हे शाळामास्तर होते. त्यांनी २५×१०५ च्या द्विनेत्रीने वर्षानुवर्षे आकाश चाळले आणि धूमकेतू शोधले. हजारो ताऱ्यांच्या मांडण्या त्यांना पाठ होत्या, त्यामुळे कुठे परका ठिपका आला की ते लगेच ओळखत. १९८३ चा त्यांचा धूमकेतू तर त्यांनी घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, १५×८० च्या द्विनेत्रीने पाहिला! जपानच्या ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ च्या अखेरीस शोधलेला आणि पुढे नुसत्या डोळ्यांनी दिसलेला धूमकेतू २५×१५० च्या द्विनेत्रीतला होता. पण ती द्विनेत्री कुणी हातात धरत नाही, ती तोफेसारखी बसवावी लागते.

वीसपटीच्या विरुद्ध

हातात धरण्याचाच प्रश्न मोठा आहे. आपला हात कधीच स्थिर नसतो. समजा तो अंशाच्या दहाव्या भागाएवढा हलतो. सातपटीला तारा पाऊण अंशाहून कमी हललेला दिसेल, ते डोळा चालवून घेतो. वीसपटीला तो दोन अंश, म्हणजे चंद्राच्या चौपट रुंदीएवढा नाचेल. त्यात २०×८० चे वजन दोन किलोच्या वर असते. ७×५० किंवा १०×५० एक किलोच्या आत-बाहेर असते. दोन किलोची वस्तू डोळ्यांशी धरून पाच मिनिटे उभे राहून पाहा, मग कळेल. अनुभवी माणसेही हाताने धरायची मर्यादा दहापटीपाशी मानतात.

मग ट्रायपॉड घ्यावा, असे कुणी म्हणेल. इथे एक अडचण आहे, आणि परदेशी पुस्तके वाचून ती कळत नाही, कारण ती अडचण आपली आहे. वाशिमचे अक्षांश सुमारे वीस अंश उत्तर. कृत्तिका खगोलीय विषुववृत्ताच्या चोवीस अंश उत्तरेला आहेत. म्हणजे त्या ऐन माथ्यावर येतात तेव्हा डोक्याच्या सरळ रेषेपासून फक्त चार अंश ढळलेल्या असतात. लंडनच्या माणसाला त्या जास्तीत जास्त त्रेसष्ट अंशांच्या उंचीवर दिसतात. तो ट्रायपॉडमागे उभा राहून मान थोडी वर करतो आणि पाहतो. आपल्याकडे कृत्तिका, रोहिणी, पुष्य हे सगळे माथ्याशी जाते. सरळ नेत्रिकांची जड द्विनेत्री ट्रायपॉडवर ठेवून माथ्यावर रोखली, तर तिच्या खाली डोके घालायला जागाच राहत नाही. मी एकदा तसे करताना ट्रायपॉडच्या पायात अडकून पडलो आहे.

७×५० चा उपाय सोपा. अंगणात बाज टाकायची, उताणे पडायचे, कोपर छातीला टेकवायचे. मान दुखत नाही आणि हातही बराच स्थिर राहतो. वऱ्हाडातल्या उन्हाळी रात्री आपण बाहेरच झोपतो. आकाशदर्शनासाठी यापेक्षा सोयीची वेधशाळा कुठली?

दृष्टिक्षेत्राचा तोटा त्याहूनही मोठा. ७×५० मध्ये साधारण सात अंश आकाश मावते, २०×८० मध्ये सव्वातीन अंशांच्या आसपास. क्षेत्रफळाने हे जवळजवळ पाचपट झाले. रोहिणीभोवतीचा ताऱ्यांचा पुंज साडेपाच अंशांचा आहे, तो सातपटीत अख्खा मावतो. वीसपटीत त्याचे तुकडे दिसतात. त्या ऑक्टोबरातल्या धूमकेतूची शेपटी वीसपटीत मुलांना अख्खी दिसलीच नसती. देवयानीतली दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे, पण ती सुमारे तीन अंश लांब असल्याने वीसपटीत चौकटीला टेकते. आणि नवशिक्याला वस्तू सापडतच नाही, ही तर मुख्य तक्रार. शर्मिष्ठेपासून ययातीकडे जाताना मधला जोडपुंज सातपटीत आपोआप नजरेत येतो. वीसपटीत माणूस त्याच्या शेजारून दहा वेळा जातो.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. द्विनेत्री म्हणजे दोन दुर्बिणी. त्या एकमेकींना काटेकोर समांतर हव्यात. थोडा तिरकेपणा असला तर वर्धन जितके जास्त तितका तो वाढून दिसतो. सातपटीत खपून जाणारी चूक वीसपटीत दोन चंद्र दाखवते, किंवा डोळे ओढून ओढून ते एक करतात आणि अर्ध्या तासाने कपाळ दुखते. स्वस्त मोठ्या द्विनेत्री एकदा आपटल्या की हा दोष येतो. तपासायची रीत अशी: दुर्बीण टेकवून तेजस्वी ताऱ्यावर रोखा. एका बाजूची नेत्रिका फिरवून तिथला तारा अंधूक चकतीसारखा करा, दुसऱ्या बाजूचा बिंदूच राहू द्या. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर बिंदू चकतीच्या मध्याजवळ बसला पाहिजे. तो बाहेर गेला तर दुर्बीण घेऊ नये.

हवेबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच काढून टाकतो. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री उष्णता सोडते आणि हवा थरथरते, हे खरे. पण वीसपट वर्धनाला ती थरथर माथ्यावर फारशी नडत नाही. क्षितिजालगत मात्र नडते.

आणि सूर्याबद्दल. सातपट असो की वीसपट, द्विनेत्री सूर्याकडे कधीही वळवायची नाही, मावळतीच्या सूर्याकडेसुद्धा नाही. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो. धूमकेतू पाहताना आम्ही सूर्य पूर्ण बुडाल्यावर दहा मिनिटे मोजूनच दुर्बीण पेटीतून काढत होतो.

आम्ही काय केले

शेवटी शाळेने १०×५० घेतली. २०×८० आणि तिला पेलणारा भक्कम ट्रायपॉड यांच्या किमतीत अशा दोन-तीन येतात. आम्ही एकच घेतली आणि उरलेल्या पैशांतून सुताराकडून एक लाकडी आधार करून घेतला. चार पट्ट्यांचा समांतरभुज चौकोन, कोपऱ्यांत बोल्ट. एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. चौकोन वरखाली केला तरी दुर्बिणीचा रोख बदलत नाही, त्यामुळे एकदा तारा धरला की उंच मुलगा आणि बुटकी मुलगी दोघांनाही तोच तारा दिसतो. भूमितीच्या तासाला समांतरभुज चौकोन शिकवताना मला यापेक्षा चांगले साधन मिळालेले नाही. दिवसा हीच दुर्बीण कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायला नेता येते. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवतो, नाहीतर काचांवर बुरशी धरते.

नववीतला तो मुलगा मात्र नाराजच होता. म्हणून पुढच्या मे महिन्यात मी एका परिचितांकडून २०×८० दोन रात्रींसाठी मागून आणली आणि एकबुर्जी धरणाच्या बाजूला एका मोकळ्या शेतात बसवली. महिना मी मुद्दाम निवडला होता. मेच्या मध्यावर रात्री सव्वादहाच्या सुमारास सप्तर्षींतला वसिष्ठ, माथ्याच्या दक्षिणेला चित्रा, आणि खाली दक्षिण क्षितिजापासून बावीस अंशांवर नरतुरंगातला मोठा तारकागुच्छ ओमेगा, हे तिन्ही जवळजवळ एकाच वेळी उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर येतात. वाशिमकरांना मध्यरेषा परकी नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावे दिली आहेत, त्यांत उज्जैनबरोबर वत्सगुल्माचेही नाव येते. आणि गावातल्या मध्यमेश्वराच्या मंदिराशी ती रेषा लोक अजून जोडतात. आजच्या मापाने वाशिम उज्जैनच्या सव्वा अंशाहून थोडे अधिक पूर्वेला पडते, म्हणजे इथे मध्यान्ह सुमारे साडेपाच मिनिटे आधी होते. त्या काळच्या साधनांनी पूर्व-पश्चिम अंतर मोजणे किती अवघड होते, ते यावरून दिसते.

असो. लग्नात नवऱ्या-नवरीला अरुंधती दाखवतात, ती वसिष्ठापासून बारा कलांवर. नुसत्या डोळ्यांनी ती मुलांनी दाखवली. मग १०×५० मधून पाहिले: वसिष्ठ आणि अरुंधती लांब लांब, दोन ठसठशीत तारे. वसिष्ठ मात्र एकच. नंतर त्यांना २०×८० कडे पाठवले आणि काही सांगितले नाही. रांगेतली चौथी मुलगी बराच वेळ डोळे लावून राहिली. मागून ढकलाढकली सुरू झाली, तरी हलेना.

"सर, वसिष्ठाच्या बाजूले आनखी एक हाये. बारीक. पार चिकटून."

वसिष्ठ हा जोडतारा आहे. दोन ताऱ्यांत चौदा विकलांचे अंतर. दहापटीला ते अडीच कलांहूनही कमी होते आणि मोठ्या ताऱ्याच्या तेजात धाकटा दडतो. वीसपटीला पावणेपाच कला होते आणि धाकटा सुटा दिसतो. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने गुरूचे लक्ष या ताऱ्याकडे वेधले होते. हे मी तिला नंतर सांगितले.

वीसपटवाल्या मुलाने तो जोडतारा पाहिला, मग ओमेगा पाहिला. सातपटीत धुरकट ताऱ्यासारखा दिसणारा तो गुच्छ वीसपटीत सरकीभोवतीच्या कापसाच्या बोंडाएवढा फुगलेला होता. मग त्याने वीसपटीची दुर्बीण स्वतःच्या हातांनी माथ्याकडे वळवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकून, मान मागे टाकून, तसाच काही वेळ अडकून राहिला. थोड्या वेळाने पाहतो तर तो शाळेची १०×५० घेऊन धुऱ्यावर उताणा पडला होता.

आमच्या नोंदवहीत त्या रात्रीच्या पानावर दोन रकाने आहेत. 'वीसपट' खाली वसिष्ठ, ओमेगा, चंद्र नसल्याची तक्रार, आणि 'मान दुखली' असे चौघांनी लिहिले आहे. 'दहापट' खालची यादी पान उलटून मागच्या बाजूपर्यंत गेली आहे. शनीचा रकाना मुलांनी रिकामा ठेवला आहे आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने २०३२ लिहिले आहे.